‘जमाव’ हा शब्द मी लिहिला होता

(हैदराबादमध्ये शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



तुमच्यापैकी बरेच जण मराठवाड्यातून, विदर्भातून इथे आले आहात. काही जण पत्रकारिता शिकताय, काही एमबीए करताय, दोघीतिघी जनसंपर्काचा अभ्यासक्रम करताय. घरात पदवीपर्यंत पोहोचलेले तुम्ही बहुतेक पहिलेच. मीही तशीच. माझे वडील भुसावळला रेल्वेत खलाशी होते. आई चौथीपर्यंत शिकलेली. मी आज जे काम करते त्याला काय म्हणतात ते आईला अजून नीट सांगता येत नाही. कोणी विचारलं तर ती म्हणते, ‘कंपनीचं लिहून देते.’ तिची व्याख्या चुकीची नाही.

मला विषय दिला आहे: जनसंपर्काच्या कामात सांस्कृतिक इतिहास का माहीत असावा? मी सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

मुंबईतल्या एका एजन्सीत माझं पहिलं वर्ष होतं. आमच्या एका क्लायंटची दुकानं दादरला होती. डिसेंबर जवळ आला तसं त्यांनी ग्राहकांसाठी एक सूचना लिहून मागितली. 5 ते 7 डिसेंबर दुकानाच्या वेळा बदलणार होत्या. सीनियरने इंग्रजी मजकूर दिला आणि मराठी करायला मला सांगितलं. मी लिहिलं, ‘बाहेरगावाहून येणाऱ्या जमावामुळे आमच्या ग्राहकांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ व्याकरण शुद्ध होतं. सीनियरने शाबासकी दिली. दुसऱ्या दिवशी तो फलक शटरवर लागला.

त्या वर्षीही आई भुसावळहून चैत्यभूमीला आली होती. लग्न झाल्यापासून तिने फार थोडी वर्षं चुकवली असतील. मी तिला भेटायला शिवाजी पार्कला गेले. तिच्या पिशवीत भाकरी, चटणी आणि नुकतीच घेतलेली दोन पुस्तकं होती. चालता चालता ती त्या शटरपुढे थांबली. ती प्रत्येक पाटी वाचते. उशिरा वाचायला लागलेल्या माणसांना ती सवय असते. अक्षरं जुळवून तिने वाचलं आणि मला विचारलं, ‘जमाव म्हणजे आपणच का गं?’ मी म्हटलं, ‘गर्दी म्हणायचंय त्यांना.’ ती म्हणाली, ‘मग गर्दी लिहायचं. जमाव तर पोलिस म्हणतात.’

तो मजकूर मी लिहिलाय हे मी तिला सांगितलं नाही. ऑफिसातही काही बोलले नाही. तिथे माझं आडनाव ऐकून कोणाला काही कळत नव्हतं आणि मी तसंच चालू दिलं होतं.

आता कामाच्या बाजूने बघू. ती सूचना जनसंपर्क म्हणूनही वाईट होती. 6 डिसेंबर 1956 ला दिल्लीत बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं, 7 तारखेला दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तेव्हापासून लोक तिथे येतात. मोकळ्या मैदानात राहतात, रांगेत उभे राहतात, पुस्तकं विकत घेतात आणि परत जातात. त्या दुकानाच्या मालकाला हे लोक वाचक म्हणून, ग्राहक म्हणून दिसले नाहीत. त्याच्या मनात ‘आमचे ग्राहक’ एका बाजूला आणि ‘बाहेरचे’ दुसऱ्या बाजूला होते. पीआरचं काम संस्था आणि लोक यांच्यातलं नातं सांभाळायचं असतं, असं आपल्याला पहिल्याच तासाला शिकवतात. पण त्यातले ‘लोक’ कोण, हे ज्याला माहीत नाही तो नातं काय सांभाळणार?

मी का बोलले नाही, याचा मी पुढे बराच विचार केला. भीती होती, हे खरंच. पण दुसरंही एक कारण होतं. माझ्याकडे मुद्दा नव्हता. मला वाईट वाटलं होतं, पण ‘हे चूक आहे, कारण अमुक’ असं सांगता येत नव्हतं. घरात बाबासाहेबांचा फोटो होता, वंदना पाठ होती, जयंतीची मिरवणूक ठाऊक होती. तारखा, ठराव, वर्तमानपत्रं, कोण काय म्हणालं आणि त्याला काय उत्तर दिलं गेलं, यातलं फार थोडं माहीत होतं. मीटिंगमध्ये भावना टिकत नाही, माहिती टिकते. म्हणून मी वाचायला लागले. महाराष्ट्र शासनाने 1979 पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड शासकीय ग्रंथागारात स्वस्तात मिळतात. तिथून सुरुवात केली.

वाचताना मला कळलं की ज्या कामाला मी कंपन्यांचं काम समजत होते, ते आपल्या चळवळीने फार आधी आणि फार अवघड परिस्थितीत केलं आहे. 31 जानेवारी 1920 ला ‘मूकनायक’ सुरू झाला. त्याची जाहिरात पैसे देऊन छापायची तयारी असतानाही ‘केसरी’ने ती घेतली नव्हती. म्हणजे आपल्या माणसांना पैसे मोजूनही जागा मिळत नव्हती. अशा वेळी लोकांपर्यंत कसं पोहोचायचं?

महाडचं उदाहरण घ्या. आपण ते हक्काचा लढा म्हणून शिकतो, ते बरोबरच आहे. आज ते संवादाच्या अंगाने बघू. 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनेही ठराव केला. कागदावर सगळं झालं होतं. आजच्या भाषेत, प्रेस नोट निघाली होती. तरीही चवदार तळ्यावर कोणी जाऊ शकत नव्हतं, कारण गावाची वहिवाट त्या कागदापेक्षा जुनी होती. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आणि परिषदेला आलेले लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले. त्यानंतर गावात अफवा पसरवली गेली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार आहेत. लोक लाठ्या घेऊन निघाले. परिषदेच्या मंडपात जेवणाऱ्यांना, रस्त्यात सापडतील त्यांना मारलं. पुढे तळ्याचं ‘शुद्धीकरण’ही केलं.

ती अफवा का चालली याचा विचार करा. पसरवणाऱ्याला गाव माहीत होतं. तळ्याच्या नावाने जेवढे लोक उठणार नाहीत तेवढे देवळाच्या नावाने उठतील, हे त्याला ठाऊक होतं. तेही सांस्कृतिक इतिहासाचं ज्ञानच, फक्त उलट्या बाजूने वापरलेलं. बाबासाहेबांनी काय केलं? आपल्या माणसांना उलट हल्ला करू दिला नाही. आणि 3 एप्रिलला, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, ‘बहिष्कृत भारत’ सुरू केलं. महाडला नेमकं काय घडलं आणि का घडलं हे त्यातून सविस्तर मांडलं. आज ज्याला आपण क्रायसिस कम्युनिकेशन म्हणतो, त्यात यापेक्षा वेगळं काय शिकवतात? लोकांना सावरा, वस्तुस्थिती स्वतः सांगा, वेळेत सांगा.

दुसरं उदाहरण नागपूरचं. 1956 हे बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचं 2500 वं वर्ष म्हणून जगभर पाळलं जात होतं. धम्मदीक्षेसाठी 14 ऑक्टोबर हा विजयादशमीचा दिवस निवडला. सम्राट अशोकाशी जोडलेली ती तिथी. लोकांनी पांढरे कपडे घालून यायचं. जागा नागपूर. संघाचं मुख्यालय नागपूरला असल्यामुळे त्यांना डिवचायला हे ठिकाण निवडलं, अशी चर्चा झाली. 15 ऑक्टोबरच्या भाषणात बाबासाहेबांनी सुरुवातीलाच त्याचं उत्तर दिलं. या भूमीशी नाग लोकांचा संबंध आहे, आणि बौद्ध धम्माच्या प्रसारात नागांचा वाटा मोठा आहे, म्हणून नागपूर. दिवस, जागा, पोशाख आणि आक्षेपाला दिलेलं उत्तर, या चारही गोष्टींच्या मागे अभ्यास होता. म्हणून आज भुसावळची एक बाई दरवर्षी कोणी निमंत्रण न देता दीक्षाभूमीला जाते. कोणत्याही कंपनीला पैसे खर्चून असं नातं तयार करता आलेलं नाही.

हे सगळं वाचल्यावर मी नोकरीत लगेच शूर झाले असं समजू नका. काही वर्षांनी बेंगळुरूला गेले. तिथल्या एका क्लायंटला सणांच्या शुभेच्छांची मालिका करायची होती. केरळात ओणम, महाराष्ट्रात दिवाळीचा पाडवा. क्रिएटिव्ह टीमने विचार केला, दोन्हीकडे बळीचीच गोष्ट आहे, मग एकच चित्र वापरू. चित्र होतं बळीच्या डोक्यावर पाय ठेवलेल्या वामनाचं. रेखाटन सुंदर होतं.

या वेळी मी बोलले. केरळात ओणम हा महाबली आपल्या प्रजेला भेटायला येतो त्याचा उत्सव आहे. घराघरांत फुलांची रांगोळी त्याच्या स्वागतासाठी काढतात. 2016 मध्ये ओणमच्या तोंडावर तेव्हाचे भाजप अध्यक्ष अमित शहा यांनी वामन जयंतीच्या शुभेच्छा दिल्या, त्यातही असंच चित्र होतं, आणि केरळात मोठा निषेध झाला होता. महाराष्ट्रात त्या दिवसाला बळीप्रतिपदा म्हणतात. आमच्याकडच्या शेतकरी बायका ओवाळताना ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतात; वामनाचं राज्य येवो असं कोणी म्हणत नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’त या बळीराजाला बहुजनांचा न्यायी राजा म्हणून मांडलं, आणि खंडोबा, म्हसोबा हे त्याच्या राज्यातले अधिकारी होते अशी मांडणी केली. फुल्यांची व्युत्पत्ती पटो न पटो, दीडशे वर्षं ती लाखो लोकांच्या विचाराचा भाग आहे. ज्याच्या घरी बळी पूजतात त्याला बळीच्या डोक्यावरचा पाय पाठवून तुम्ही शुभेच्छा कशा देणार?

खोलीत शांतता झाली. मग क्लायंटच्या माणसाने विचारलं, ‘केरळात विक्रीवर परिणाम होईल का?’ मी म्हटलं, होईल. केरळचं चित्र बदललं. महाराष्ट्रासाठी त्यांनी नुसती पणती ठेवली. बळी कुठेच आला नाही. मी ते अर्धं यश मानते. माझं म्हणणं त्यांनी ऐकलं ते बाजारामुळे, न्यायामुळे नव्हे. आपल्या क्षेत्राची ही मर्यादा तुम्हाला आजच सांगते, म्हणजे नंतर धक्का बसणार नाही. पण वामनाचा पाय गेला, तोही माहितीमुळे गेला. सन आणि संदर्भ जवळ नसता तर मला फक्त ‘मला बरं वाटत नाहीये’ एवढंच म्हणता आलं असतं.

आता शब्दांविषयी. आपल्या कामात शब्द हेच हत्यार आहे, आणि प्रत्येक शब्द कुठून तरी आलेला असतो. ‘हरिजन’ हा शब्द गांधींनी रूढ केला, 1933 मध्ये त्या नावाचं साप्ताहिक काढलं. बाबासाहेबांनी तो स्वीकारला नाही. ‘दलित’ या शब्दाला 1972 नंतर दलित पँथरने लढाऊ अर्थ दिला. ऑगस्ट 2018 मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा हवाला देत खासगी वाहिन्यांना ‘दलित’ऐवजी ‘अनुसूचित जाती’ म्हणण्याचा सल्ला दिला, आणि चळवळीतल्या अनेकांनी त्याला विरोध केला. काही जण स्वतःला फक्त बौद्ध म्हणवतात. एखाद्या प्रेस नोटमध्ये यातला कोणता शब्द घालायचा? योजना सरकारी असेल तर कायद्यातला शब्द घाला. माणसाबद्दल लिहिताय तर त्यालाच विचारा. डिसेंबर 2020 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. तरीही कंपन्यांच्या समाजकार्याच्या पत्रकांत जुनी नावं मी पाहिली आहेत. कोणीतरी जुन्या फाइलमधून पत्ता उचलतो आणि तपासत नाही. तो तपासणारा माणूस तुम्ही व्हा.

इथे एक सावधगिरी. सांस्कृतिक ज्ञान असलं म्हणजे माणूस चांगलाच वागतो असं नाही. आपल्या क्षेत्राचा जनक म्हणून एडवर्ड बर्नेजचं नाव शिकवतात. 1929 मध्ये न्यू यॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत त्याने तरुणींना सिगारेट ओढायला लावल्या आणि त्यांना ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ म्हटलं. मताच्या हक्कासाठी स्त्रियांनी जो लढा दिला होता त्याची पुण्याई त्याने तंबाखू कंपनीसाठी वापरली. त्याला इतिहास चांगला कळत होता. आपल्याकडेही एप्रिल आला की बऱ्याच कंपन्यांचे लोगो निळे होतात. 15 तारखेला ते पूर्ववत होतात. तुम्ही नोकरीला लागलात की तुम्हालाही सांगतील, ‘14 एप्रिलची पोस्ट तू कर, तुला माहीत असतं.’ जरूर करा, पण सोबत एक प्रश्न विचारा: आपल्या कंपनीतल्या सफाई कामगारांना या वर्षी हातमोजे मिळाले का? पोस्टच्या मजकुरापेक्षा या प्रश्नाला जास्त वेळ लागेल. विचारायची तयारी ठेवा. आणि वर्षातून एका दिवसाचे तज्ज्ञ होऊन राहू नका. बाकीचे 364 दिवसही तुमचेच आहेत.

आपल्यालाच सगळं माहीत आहे, असा गर्वही नको. मी स्वतः एका 9 ऑगस्टला आदिवासी दिनाच्या शुभेच्छांसाठी नाचणाऱ्या बायकांचा फोटो निवडला होता. झारखंडहून आलेल्या सहकाऱ्याने तो पाहिला आणि हसून म्हणाला, ‘दीदी, आम्ही फक्त नाचतो का?’ मग त्याने जयपालसिंह मुंडांबद्दल सांगितलं. 1928 च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय हॉकी संघाचे कर्णधार, पुढे संविधान सभेत आदिवासींची बाजू मांडणारे. मला हे नाव माहीत नव्हतं. ज्या नजरेने दादरच्या दुकानदाराने माझ्या आईकडे पाहिलं, त्याच नजरेने मी त्याच्या माणसांकडे पाहिलं होतं. आपली वेदना खरी असली तरी दुसऱ्याचा इतिहास आपोआप कळत नाही. तो विचारावा लागतो, वाचावा लागतो.

मी आता कोणताही मजकूर बाहेर जाण्यापूर्वी वहीत पाच प्रश्न लिहिते. हा दिवस कोणासाठी काय आहे? ही जागा आधी कोणाची होती, इथे काय घडलं? हा शब्द कोणी कोणाला दिला? चित्रात कोण आहे आणि काय करताना दाखवलं आहे? आणि हा मजकूर वाचणारी कोणती व्यक्ती या खोलीत नाही? शेवटच्या प्रश्नाला माझ्या मनात नेहमी एकच चेहरा येतो. तुमच्याही घरी असा एक चेहरा असेल. सुटीत गेलात की आजीला विचारा, गावात पाणी कुठून भरायचे, जलशाला कोण यायचं, पहिलं पुस्तक घरात कोणी आणलं. लिहून ठेवा, मग ग्रंथालयात जाऊन तारखा तपासा. घरची आठवण आणि ग्रंथालयातली तारीख जुळली की त्या माहितीला मीटिंगमध्ये कोणी सहज बाजूला सारू शकत नाही.

अलीकडे मी परत मुंबईच्या एका क्लायंटसाठी 6 डिसेंबरची सूचना लिहिली. या वेळी कोणी इंग्रजी मजकूर दिला नाही, मीच पहिला मसुदा केला. ‘चैत्यभूमीकडे जाणाऱ्या अनुयायांना सविनय जय भीम’ अशी सुरुवात होती, मग बाबासाहेबांविषयी चार ओळी, मग पिण्याचं पाणी, प्रथमोपचार, स्वच्छतागृह. पाठवण्याआधी आईला फोनवर वाचून दाखवला. आणि तेव्हाच, इतक्या वर्षांनी, तिला सांगितलं की तो शटरवरचा ‘जमाव’ माझाच होता.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मला तेव्हाच वाटलं होतं. तू पाटीकडे बघतच नव्हतीस.’ आणि पुढे म्हणाली, ‘आता हे नीट ऐक. बाबासाहेबांचं आम्हाला माहीत आहे, त्यासाठीच येतो आम्ही. संडास कुठं आहे ते आधी लिही. बायांना रात्री तेच लागतं.’

मी त्या चार ओळी काढल्या आणि स्वच्छतागृहाची दिशा पहिल्या ओळीत घेतली. फलक तसाच लागला.

जय भीम, जय जोती, जय सावित्री.